कोरं वजन

तुर्भ्याच्या शाळेच्या गच्चीवर
आठवड्यातून दोनदा चढते मी.
खांद्याला डबा, डब्यात चिमटा
आणि काचेच्या बशीत एक गोल कागद,
पाणीपुरीच्या पुरीएवढा,
इतका पांढरा की हात लावायची भीती वाटावी.
लावायचाच नसतो.
बोटांचा घामही वजनात धरला जातो.

यंत्र चोवीस तास हवा ओढत राहतं,
आमच्यासारखंच, फक्त त्याला मीटर आहे.
खाली मसाला मार्केटात मिरचीच्या गाड्या,
वर डोंगराच्या कापलेल्या कुशीतून खडीचे डंपर,
मधे ठाणे-बेलापूर रस्ता,
आणि पहाटे पावण्याच्या बाजूने
कुणीतरी गुपचूप सोडलेलं काहीतरी,
ज्याला वास आहे, नाव नाही.

दुसऱ्या दिवशी कागद राखाडी.
थंडीत तर चहात बुडवून काढल्यासारखा.
एका केसाची जाडी तीस जणांत वाटली
तर एकाच्या वाट्याला येईल
तेवढा कण.
नाकाला तो दिसत नाही,
खोकल्याला सापडत नाही,
फुफ्फुसाच्या शेवटच्या खोलीत जातो
आणि तिथून मागच्या दाराने रक्तात उतरतो.
हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.
मागचं दार हा शब्द माझा.

गच्चीचं कुलूप शिपाई हिराजी मढवी काढायचे.
खैरण्याचे. पंधरा वर्षं खाणीत, क्रशरवर.
मग खाण बंद, मग ही नोकरी.
बावीस पायऱ्या, तीन थांबे.
दर वेळी विचारायचे,
"काय गो, आज कवरा भरला?"
एकशे बारा, काका.
"मंजे?"
म्हणजे साठच्या आत हवं.
"मंग बोरडावर मध्यम का लिवलाय?"
बोर्ड सगळ्या शहराची सरासरी दाखवतो.
त्यांनी खाली फाटकाकडे पाहिलं,
जिथे चौथीची मुलं रांगेत खोकत होती.
"ती सरासरी रवते कयं गो?"

मागच्या जानेवारीत त्यांनी खिशातून
चार घड्यांचा रुमाल काढला.
"ह्याचा वजन कर."
सकाळचा खोकला होता त्यात.
मी म्हटलं, असं नाही होत, काका,
आधीचं वजन लागतं.
रुमाल कोरा असतानाचं.
त्यातून हे वजा करून मगच कळतं काय साठलं ते.
उलटं बोलले मी, घाईत.
ह्यातून ते वजा करायचं असतं.
त्यांनी रुमाल परत खिशात घातला.
"कोरा व्हता," म्हणाले,
"तवा तू जल्माला नव्हतीस."

महाप्याच्या प्रयोगशाळेत तराजूला काचेची खोली आहे.
पंखा बंद, दार बंद,
आणि कागद ठेवला की श्वास रोखायचा,
कारण माझ्या श्वासाने आकडा हलतो.
सहावा आकडा थांबेपर्यंत मी हवा घेत नाही.
दिवसातून वीस-बावीस वेळा.
बरं वाटतं, खरं सांगायचं तर.

आता कुलूप एक नवीन पोरगा काढतो.
कानात इअरफोन. किती भरलं विचारत नाही.
मढवी काका रजेवर आहेत, म्हणतो,
आणि रजेचा अर्ज त्यांच्या सुनेने आणला, म्हणतो.
जिन्यात मी तिसऱ्या वळणावर थांबते.
दमत नाही अजून.
नुसती थांबते.

घरी जुई गृहपाठ करते, सहावीतली.
दप्तरात निळा पंप आहे.
मैत्रिणींना तिने अत्तर म्हणून सांगितलंय.
काल तिचं आधार कार्ड शोधताना
वाशीच्या दवाखान्याचं जुनं पिवळं कार्ड निघालं.
आईचं नाव. तारीख. पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
आणि खाली, नर्सच्या गिचमिड अक्षरात,
वजन दोन किलो नऊशे.

कार्ड हातात धरून मी
बराच वेळ श्वास घेतला नाही.